तात्यानं नाकारलेलं घर

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तात्या जिवंत असताना मी त्याच्या तोंडावर वाईट बोलायचो, तेव्हा आता हातचं राखून ठेवण्यात अर्थ नाही. लबाड माणूस होता. बरं, लबाडीतनं त्याला काही मिळायचं म्हणावं तर तसंही नाही. मिळत असतं तर मी समजून घेतलं असतं. पोटासाठी खोटं बोलणारी माणसं मी लय बघितली. हा नुसता बसल्या जागी खोटं बोलायचा, जसा म्हातारा बैल दावणीला उभा राहून मान हलवतोय.

आमचं गाव पलूसच्या रस्त्यापासून थोडं आत आहे. रस्त्यावर फाटा, फाट्यावर एसटीचा पत्र्याचा निवारा, शेजारी चहाची टपरी. गावात यायचं तर तिथनंच यावं लागतं. तात्याची बायको तरणीच असताना गेली. एक लेक, ती कोरेगावला दिलेली. रान वाट्यानं लावलेलं. म्हणजे करायला काम नाही आणि बोलायला घरात माणूस नाही. मग हा सकाळी भाकरीचा तुकडा मोडला की निवाऱ्याच्या कट्ट्यावर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि येणाऱ्या माणसाला आडवा जायचा.

"कोन पायजे?"

समोरचा नाव सांगायचा.

"कशाला पायजे?"

समोरचा काम सांगायचा. मग तात्या लांब ऊसाकडं बघायचा, डोकं खाजवायचा, दोनदा तेच नाव पुटपुटायचा आणि म्हणायचा, "न्हाई बा. असं कोन ऱ्हात न्हाई हितं. म्होरल्या गावात बघा."

ज्याला विचारलंय तो माणूस कधी कधी तिथंच टपरीत चहा पीत बसलेला असायचा.

परका माणूस तो पायावरनं ओळखायचा. चेहरा बघायचाच नाही. बूट चकचकीत असला तर सरकारी. सँडल असली तर बँकेचा. बूट नवा पण धुळीनं भरलेला असला तर कुणाचा तरी जावई, त्याला वाट दाखवायला हरकत नाही. "माझी नजर पायाला," असं अभिमानानं सांगायचा. आणि दुसरं एक वाक्य त्याच्या तोंडात कायम असायचं, "खरं सांगनारा गावाचा वैरी." हे वाक्य त्याला कुणी शिकवलं माहीत नाही. बहुतेक त्यानंच केलं असावं, कारण इतकं मोडकं वाक्य दुसरं कोण करणार.

स्वतःचं नावसुद्धा कुणाला खरं सांगायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, शामराव. शामराव त्याचा चुलता, मरून जमाना झाला.

ह्या खोडीला सुरुवात कशी झाली ते मला माहीत आहे. आमच्या आळीतला एक पोरगा पलटणीत होता. रजेवर आला आणि रजा संपली तरी गेला नाही. मिलिटरी पोलीस जीप घेऊन शोधायला आले. तात्यानं त्यांना सांगितलं, असा पोरगा गावात नाही, त्याचे आईबाप मुंबईला गेले. पोरगा तात्याच्या शेजारी बसून भेळ खात होता. जीप परत गेली. गावानं तात्याला डोक्यावर घेतलं, टपरीवाल्यानं दिवसभर चहा पाजला. ते त्या दिवशी त्याच्या डोक्यात गेलं आणि परत उतरलं नाही.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. तो पोरगा त्या दिवशी जीपमध्ये बसून गेला असता तर थोडक्यात सुटला असता. घरी म्हातारी आजारी होती, साहेबानं ऐकून घेतलं असतं. ते पोलीस 'सापडत नाही' म्हणून लिहून गेले आणि पोरगा भगोडा ठरला. पुढं स्वतःच्या पायानं हजर झाला तेव्हा त्याचं कुणी काही ऐकलं नाही. ह्याच्या चहाची किंमत त्यानं मोजली.

असलीच आणखी एक गोष्ट. शेजारच्या वस्तीवरच्या पोरीला बघायला तासगावकडनं पाहुणे यायचे होते. दोन गाड्या भरून आले. घरात कांदापोहे झालेले, पोरगी साडी नेसून बसलेली. आणि ह्या शहाण्यानं फाट्यावर गाड्या अडवल्या. बूट चकचकीत होते ना पाहुण्यांचे! "त्या घरात पोरगीच न्हाई, दोन्ही पोरंच हायती," म्हणून सांगितलं. पाहुण्यांना वाटलं मध्यस्थानं फसवलं. तिथनंच गाड्या वळवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीनं पोहे खाल्ले आणि पोरीची आई चुलीपुढं रडत बसली. पुढं त्या पोरीला चांगलं स्थळ मिळालं, तर हा निर्लज्ज लग्नाच्या पंगतीत जिलेबी खात सगळ्यांना सांगत होता, "म्या त्यास्नी हाकललं म्हनून तर ह्यो जावई घावला."

माझी गाय माजावर आली होती. भरवायला जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर फाट्यापर्यंत आला आणि माघारी गेला. पुढच्या माजापर्यंत थांबावं लागलं. मी विचारलं तर म्हणतो, "त्याच्या हातात पेटी व्हती. मला वाटलं, मीटर तोडाय आलाय."

"गाईला कुठं रं मीटर, भाड्या?"

"मला काय ठाऊक त्यो गाईकडं आलाय?"

"विचारायचं व्हतंस की!"

"विचारलं न्हवं. त्यानं तुझं नाव सांगितलं. गाईचं न्हाई सांगितलं."

असल्या माणसाशी काय बोलायचं. मी फाट्यावरनं जाताना तोंड फिरवून जायला लागलो.

त्याला वठणीवर आणणारी एकच बाई होती, माझी बायको हौसा. ती त्याला भावजी म्हणायची. एकटा जीव म्हणून सणासुदीला ताट पाठवायची, अधनंमधनं कालवण. मी म्हणायचो, "कशाला त्या लबाडाला घालतीस?" ती म्हणायची, "लबाडाला भूक लागत न्हाई व्हय?" एकदा तिचा सख्खा भाऊ पाचगणीहून स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला, त्यालाही ह्यानं माघारी लावला. हौसाला कळल्यावर ती चिडली नाही, ओरडली नाही. सकाळी चूल आटोपली आणि फाट्यावर जाऊन त्याच्या जागेवर बसली. येणाऱ्या प्रत्येक माणसाला नीट वाट सांगितली. असं जा, विहिरीपासनं वळा, निळं दार. टपरीतली माणसं हसायला लागली. तात्या निवाऱ्याच्या खांबाला टेकून उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा. दुपारी ऊन चढल्यावर म्हणाला, "वैनी, उठा की आता." ही म्हणाली, "भावजी, बसू द्या की. लय बरं वाटतंय हितं." तिसऱ्या प्रहरी उठली. त्यानंतर आमच्या घरचा पाहुणा त्यानं कधी अडवला नाही. म्हणजे हौसा घरात होती तोपर्यंत.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. मिरजेला दवाखान्यात ठेवली. मी आणि माझी नात आशू, आम्ही दोघं तिच्याजवळ. आशूचं नाव अश्विनी. तिचा बाप म्हणजे माझा पोरगा पलटणीत हवालदार, आज इथं तर उद्या तिथं. म्हणून पोरगी लहानपणापासनं आमच्याकडंच वाढली. सांगलीला बी.कॉम. केलं, तिथंच एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं, पत्र आलं. म्हणून तिनं सांगलीचं काम सोडलं. इकडं आजी आजारी पडली, तिकडं पुण्याला हजर व्हायचा दिवस जवळ येत होता. हौसा दवाखान्याच्या कॉटवरनं सगळ्या नर्सना सांगायची, "माझी नात पुन्याला जानार हाय." नर्सनी कितव्यांदा ऐकलं असेल देव जाणे.

हौसा गेली. त्यावर मी इथं काही लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. तात्या माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं, आता तरी माणसासारखं दोन शब्द बोलेल. तर हा कानाशी लागून म्हणतो, "तू मिरजंला व्हतास तवा एक पोरगं आलं व्हतं तुझं घर शोधत. पाठीला पिशवी, हातात मोबाईल. लावलं परत. काळजी करू नगंस. वैनी न्हवत्या तरी घर राखलं तुझं."

त्या दिवशी मला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

पंधरवड्यानं आशूच्या मोबाईलवर कंपनीचं पत्र आलं. ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती. वाचता वाचता खाली बसली.

"आबा, मला घेत न्हाईत."

"का गं?"

"मी खोटा पत्ता दिला म्हणतायत. माणूस पाठवला होता तपासायला. त्याला घर सापडलं न्हाई, आणि शेजाऱ्यानं सांगितलं, ह्या नावाचं कुटुंबच गावात न्हाई."

आता कंपन्या नोकरी द्यायच्या आधी माणसाची तपासणी करतात. तो राहतो कुठं, शिकला कुठं, आधी काम कुठं केलं. हे काम त्या दुसऱ्याच एका कंपनीला देतात. ती कंपनी एका पोराला मोटरसायकलीवर पाठवते, तो कट्ट्यावर बसलेल्या कुठल्यातरी म्हाताऱ्याला विचारतो आणि त्यावर माणूस खरा की खोटा ते ठरतं. माझा जन्म ह्या घरात झाला. माझा बाप ह्या घरात मेला. ग्रामपंचायत पाणीपट्टी घ्यायला बरोबर ह्याच घरात येते. पण पुण्याच्या कागदात हे घर नव्हतं. कंपनीची अक्कल आणि तात्याची अक्कल एका तागडीत घातली तर काटा हलायचा नाही.

मी उठलो, काठी घेतली. आशूनं हात धरला. "मारून काय हुनार हाय आबा? वकिलाकडं जाऊया."

सांगलीत कोर्टाजवळ जिना चढून एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. चौगुलेबाई. जैन घरातल्या, साठीच्या आसपास, बोलणं कात्रीसारखं. आशूच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची आत्या. मी आत गेल्या गेल्या म्हणालो, "बाई, कंपनीवर केस टाका, कोर्टात खेचा."

"आजोबा, तुम्ही जरा बसा," त्या म्हणाल्या, आणि आशूकडं वळल्या. "तपासणीला परवानगी कुणी दिली होती?"

"मीच. सही घेतली होती."

"तुझी सही, तुझी माहिती. मग त्यांना काय सापडलं ते बघायचा हक्क पण तुझाच. रिपोर्टची प्रत मागितलीस?"

"न्हाई. त्यांनी नुसतं कळवलं."

"पहिलं ते माग. फोनवर नाही, लेखी. दोन्हीकडं, तुला घेणाऱ्या कंपनीकडं आणि तपासणाऱ्या कंपनीकडं. आणि त्यातच लिही की हे चुकीचं आहे, दुरुस्त करा, दुरुस्त होईपर्यंत माझी जागा दुसऱ्याला देऊ नका."

मी म्हणालो, "कायदा हाय का असा?"

"माहितीचा नवीन कायदा झालाय. चुकलेली माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात लिहिलाय. सगळा लागू व्हायला वेळ आहे अजून, म्हणून त्याच्यावरच विसंबून चालणार नाही. पण एखाद्या पोरीला न तपासता खोटारडी लिहायचं, आणि त्यामुळं तिचं काम जायचं, ही बदनामीच झाली. ती आजही चालत नाही. हे त्यांच्या वकिलालाही माहीत आहे."

"मग नोकरी देतीलच न्हवं?"

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, मी खोटं सांगणार नाही. नोकरी द्याच असं कायदा म्हणत नाही. खोटं तसंच ठेवू नका, एवढं म्हणतो. खोटं पुसलं की तिला नाकारायला त्यांच्याकडं कारण उरत नाही. तिथंपर्यंत मी नेते. पुढं त्यांची नियत."

इतकं सरळ बोललेलं मी ह्या वर्षात पहिल्यांदा ऐकलं.

आशूनं तिथंच बसून दोन्हीकडं लिहिलं. रेशनकार्ड, आधार, लाईटबिल, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं जोडलं. चार दिवस काही आलं नाही, मग रिपोर्टची प्रत आली. आशूनं मोबाईलवर उघडली आणि माझ्यापुढं धरली.

त्यात फोटो होता. फाट्यावरचा निवारा, आणि कट्ट्यावर तात्या. मिशीला पीळ दिलेला, टोपी सारखी केलेली, मान ताठ. जन्मात पहिल्यांदा कुणी फोटो मागितला असणार, गडी असा बसला होता की जणू आमदार झालाय. खाली लिहिलं होतं, शेजारी, नाव शामराव.

मेलेल्या चुलत्याच्या नावानं ह्यानं माझ्या जिवंत नातीला खोटं ठरवलं होतं.

चौगुलेबाईंनी बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "हे तर बरंच झालं. ह्यांचा साक्षीदारच खोटा आहे. ह्या माणसाला घेऊन या. येताना आधार कार्ड आणा म्हणावं. हा फोटो माझा, हे नाव माझं नाही, आणि मी त्या दिवशी खोटं सांगितलं, एवढं प्रतिज्ञापत्र करून देऊ दे. रिपोर्ट उभाच राहायचा नाही."

मी तसाच फाट्यावर गेलो. तात्या तंबाखू मळत होता. मी मोबाईल त्याच्या पुढं धरला. त्यानं आधी फोटो बघितला आणि म्हणाला, "बरा आलाय की."

"तात्या, त्या फोटोनं आशूची नोकरी गेली."

"कशानं?"

सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. तंबाखू तोंडात टाकायचा राहिला, तळहातावरच राहिला. मला वाटलं, उमजलं ह्याला. पण नाही. म्हणाला, "मग म्या काय करावं म्हन्तोस?"

"सांगलीला चल. वकीलबाईच्या म्होरं सांग, मी खोटं बोललो. आधार घे बरुबर."

"लिवून द्याचं?"

"व्हय."

"मी खोटं बोललो म्हनून?"

"बोललास न्हवं!"

"चुकून बोललो म्हनून लिवलं तर?"

"चुकून कसं? माझं घर ठाऊक न्हाई तुला? जल्मापासनं बघतोस!"

"ते खरं. पन लिवून न्हाई द्याचा."

"का?"

"हितनं म्होरं कोन इच्चारील मला? लोक म्हन्तील, ह्यो लिवून दिलेला लबाड."

"आत्ताबी तेच म्हन्त्यात!"

"म्हन्त्यात. लिवलेलं न्हाई."

मी त्याला शिव्या दिल्या. आयुष्यभराच्या दिल्या. भगोडा पोरगा काढला, पोह्याची पोरगी काढली, गाय काढली. टपरीतली माणसं उठून उभी राहिली. तात्या खाली बघून बसला होता. मी दमल्यावर तो बोलला. आवाज चढवला नाही.

"तुझ्या घराला कुलूप. वैनी मरनाच्या दारात. अन एक परकं पोरगं मोबाईल घेऊन घराचा फोटू काढाय बघतंय. म्या त्याला तुझं दार दावू? काय करनार व्हतं ते, मला काय ठाऊक? वैनी बऱ्या झाल्या असत्या अन मला इच्चारलं असतं, भावजी, तुमी असताना कोन आलं व्हतं? मंग?"

"ती बरी झाली न्हाई."

"मला काय ठाऊक व्हतं."

मी मोबाईल खिशात टाकला. पण सही नाही ती नाहीच. आशू स्वतः जाऊन विनवून आली, तिलाही तेच. हौसा असती तर नुसतं "भावजी, उठा" म्हणाली असती आणि हा कुत्र्यासारखा मागनं गेला असता. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या तोंडातनं शिवीच येते.

बाई म्हणाल्या, राहू दे. नाही देत तर त्याच्यावाचून लढू. त्यांनी नोटीस पाठवली. कागद सगळे एकीकडं, आणि तुमचा साक्षीदार मयत माणसाच्या नावावर बसलेला एकीकडं. आता काय ते तुम्हीच सांगा. त्यावर मात्र हालचाल झाली. पुण्याहून एका बाईचा आशूला फोन आला. जागा थांबवून ठेवलीय म्हणाली. तपासणीवाली कंपनी परत तपासायला एका पोरीला पाठवणार. ह्या वेळी घरापर्यंत येणार. कधी, तेही सांगितलं.

आशू नाचायची तेवढी राहिली. पण फोन ठेवता ठेवता ती बाई एक म्हणाली होती, नियमाप्रमाणं एका शेजाऱ्यालाही विचारावं लागतं.

आशूचं तोंड उतरलं. "आबा, फाट्यावर तात्याआजोबाच भेटणार की."

मी रात्रभर विचार केला. सकाळी तात्याकडं गेलो. विनवायला नाही, बजावायला. "उद्या एक बाई येनार हाय तपासायला. तू तोंड बंद ठेव. व्हय म्हनू नगंस, न्हाई म्हनू नगंस. काय बोलूच नगंस."

"तोंड माझं हाय," तात्या म्हणाला.

"तुझ्या तोंडाला आग लागो," मी म्हणालो आणि रानात गेलो.

पुढचं काय झालं ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरनं एक पोरगी आली, सरळ आमच्या दारात. फाट्यावर तिला कुणी भेटलं नाही. शेजारी म्हणून तिनं पलीकडच्या वस्तीवरच्या बाईला विचारलं. त्या बाईनं आशू लहानपणी त्यांच्या शेरडाची करडं कशी उचलून आणायची इथंपासनं सगळं सांगितलं. स्कूटरवाली लिहून लिहून दमली. रिपोर्ट दुरुस्त झाला. आशू महिन्याभरानं पुण्याला हजर झाली. त्या महिन्याचा पगार कुणी भरून दिला नाही. चौगुलेबाईंनी फी घेतली नाही. वर मलाच दम दिला, "आजोबा, आता तरी शिव्या कमी करा."

तात्या परत गावात आला नाही. कोरेगावला लेकीच्या घरी होता, तिथंच शिमग्याच्या सुमाराला गेला. मी मातीला गेलो नाही. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. आधी कळलं असतं तरी गेलो असतो का, सांगता येत नाही.

पण त्याला शेवटचं बघितलं ते मी सांगतो. मी त्याला बजावून रानात गेलो, त्याच दिवशी दुपारी. वैरणीचा भारा सायकलीला लावून येत होतो. फाट्यावर कराडची गाडी उभी होती. खिडकीत तात्या. मांडीवर पिशवी, अंगात धुतलेला सदरा. मला वाटलं, चालला असेल कुठंतरी फुकटचं जेवायला.

कंडक्टर त्याच्यापुढं उभा राहून म्हणत होता, "आजोबा, पंचाहत्तरच्या वरचं फुकट हाय, पण आधार दावायला लागतंय."

आणि तात्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातनं आधार कार्ड काढलं. चांगलं प्लास्टिकमध्ये घातलेलं. माझ्या नातीसाठी जे निघालं नव्हतं ते फुकट तिकिटासाठी निघालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सायकल निवाऱ्याला टेकवली आणि खिडकीखाली जाऊन म्हणालो, "आता बरं निघालं रं, आधार!"

त्यानं खाली बघितलं. तोंडात तंबाखू होता, बोलता येईना. थुंकायला वाकला, आणि मग बोलला.

"लेकीकडं चाललोय कोरेगावला."

"आत्ताच बरी आठवण आली लेकीची."

"ती तपासनीची बाई उद्या येनार हाय न्हवं?"

"मग?"

"मी हितं बसलेलो असलो, अन तिनं मला तुझं घर इच्चारलं, तर," एवढं बोलून त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "माझं तोंड गप बसायचं न्हाई रं. मला ठाऊक हाय. न्हाई म्हनूनच जाईल. म्हनून चाललो."

कंडक्टरनं घंटी मारली. तोंडात आलेली शिवी मी तशीच गिळली. हौसा असती तर तिला नीट बोलता आलं असतं. मी भाऱ्याची सुटलेली दोरी ओढत उभा राहिलो. गाडी वळणापर्यंत गेली तरी खिडकीतली टोपी दिसत होती. तो पुढं बघत होता, मागं वळून बघितलं नाही.